लिनक्सवर लॅपटॉप अडतो तेव्हा

विंडोज १०ची नियमित सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ला टीपीएम २.० ही यंत्रातली सुरक्षा-सोय लागते, आणि आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक इंटेल प्रोसेसर त्याच्या यादीत बसत नाहीत. त्यामुळे स्क्रीन, कीबोर्ड, डिस्क सगळं ठणठणीत असलेले लॅपटॉप घरोघरी कपाटात गेले. माझ्या ओळखीतल्या काहींनी ते बाहेर काढून त्यांवर लिनक्स मिंट, उबुंटू किंवा डेबियन बसवलं, याचा मला मनापासून आनंद आहे. बसवणं तासाभरात होतं. फोन येतो तो दुसऱ्या दिवशी. "वाय-फाय दिसतच नाही." "आवाज येत नाही." "झाकण मिटलं की लॅपटॉप परत जागाच होत नाही."

यानंतर बहुतेक जण शोधाशोध करून मिळालेला पहिला आदेश टर्मिनलमध्ये चिकटवतात. तो चालला नाही की दुसरा, मग तिसरा. मीही हेच केलेलं आहे. भाचीच्या लॅपटॉपवर वाय-फाय दिसेना म्हणून एका रात्रीत सात-आठ ठिकाणचे आदेश चालवले, दोन वेगवेगळे ड्रायव्हर बसवले, एक काढला, आणि पहाटेपर्यंत आधी चालणारं ब्लूटूथही बंद पडलं. वाय-फाय मुळात कीबोर्डवरच्या एका कळीनं बंद झालेलं होतं. ते तपासायला अर्धं मिनिट लागलं असतं. माझा गोंधळ निस्तरायला दोन दिवस लागले, आणि तेवढे दिवस तिचा अभ्यास अडला.

विहिरीवरची मोटर पाणी उचलत नाही तेव्हा जाणता शेतकरी लगेच मोटर बाहेर काढत नाही. पेटीत तिन्ही फेज आहेत का, स्टार्टर उचलतो का, मोटर फिरते का, फिरत असेल तर फूटव्हॉल्व्ह गळतोय का, असं तो एकेक टप्पा बघत जातो. लॅपटॉपमध्येही असेच टप्पे असतात. यंत्रणेला तो भाग दिसतो का? दिसत असेल तर त्याला ड्रायव्हर जोडला गेलाय का? ड्रायव्हरला लागणारं फर्मवेअर मिळालंय का? आणि हे सगळं असूनही एखाद्या कळीनं किंवा सेटिंगनं तो भाग बंद ठेवलाय का? साखळी कुठे तुटली ते कळलं की उपाय बहुधा एका ओळीचा असतो. ते कळायच्या आत केलेला उपाय नवी अडचण उभी करतो.

पुढे जाण्याआधी एक सूचना. आदेश इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलमध्ये ते इंग्रजीच्या छोट्या लिपीत टंकायचे, आकडेही इंग्रजी. आणि वाय-फायच चालत नसेल तर इंटरनेट आणायचं कुठून, याचं उत्तर तुमच्या खिशात आहे. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलनं लॅपटॉपला जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा. लिनक्सला ते नेहमीच्या तारेच्या जोडणीसारखं दिसतं आणि बहुधा कसलाही ड्रायव्हर लागत नाही. चार्जिंगपुरत्या काही स्वस्त केबलींमध्ये डेटाच्या तारा नसतात, एवढं मात्र बघा.

भागाला त्याच्या क्रमांकानं ओळखा

लॅपटॉपचं मॉडेल सांगून फारसं हाती लागत नाही. एकाच नावाच्या मॉडेलमध्ये कंपनी या तिमाहीत एक वाय-फाय चिप घालते, पुढच्या तिमाहीत दुसरी. डब्यावरच्या नावापेक्षा आतल्या चिपचा क्रमांक महत्त्वाचा. त्यासाठी 'एलएसपीसीआय' हा आदेश आहे: एल, एस, पी, सी, आय ही अक्षरं सलग, मग जागा सोडून उणे चिन्ह आणि त्याला चिकटून एन, एन, के. यूएसबीवरच्या भागांसाठी 'एलएसयूएसबी'. कॅमेरा, ब्लूटूथ आणि बोटांचे ठसे वाचणारा भाग बहुतेक लॅपटॉपांत आतून यूएसबीवरच जोडलेले असतात. ते पहिल्या यादीत दिसले नाहीत म्हणून घाबरू नका.

एलएसपीसीआयच्या यादीत प्रत्येक भागाच्या ओळीत चौकटी कंसात दोन क्रमांक दिसतील, मध्ये विसर्गासारखं चिन्ह. पहिला क्रमांक चिप बनवणाऱ्या कंपनीचा, दुसरा त्या चिपचा. इंटेलचा क्रमांक ८०८६ आहे, १९७८ साली आलेल्या तिच्या ८०८६ या प्रोसेसरवरून घेतलेला. रिअलटेक पीसीआयवर १०ईसी, ब्रॉडकॉम १४ई४, एनव्हिडिया १०डीई, एएमडीची ग्राफिक्स १००२. हे पाच पाठ झाले की यादी वाचणं सोपं होतं.

त्याच आदेशात प्रत्येक भागाखाली आणखी दोन ओळी येऊ शकतात. 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' या ओळीत आत्ता जोडलेला ड्रायव्हर असतो. 'कर्नल मॉड्यूल्स' या ओळीत या भागाला चालू शकणारे ड्रायव्हर असतात. पहिली ओळ नसेल तर भाग दिसतोय पण ड्रायव्हर जोडलेला नाही. दोन्ही नसतील तर तुमच्या कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, ही चिप ओळखीचीच नाही. आणि भागच यादीत नसेल तर तो बायोसमध्ये बंद आहे, सैल झालाय किंवा बिघडलाय. तिथे ड्रायव्हर शोधणं थांबवा.

पुढचा साक्षीदार म्हणजे कर्नलची स्वतःची नोंदवही. 'सुडो डीमेसेज' लिहा. त्यातला दुसरा शब्द डी, एम, ई, एस, जी असा टंकायचा. लॅपटॉप सुरू झाल्यापासून कर्नलनं काय पाहिलं ते त्यात ओळीनं येतं. सगळं वाचायची गरज नाही. ड्रायव्हरचं नाव किंवा 'फर्मवेअर' हा शब्द त्यात शोधा. ओळीच्या शेवटी उणे २ असा त्रुटी-क्रमांक दिसला तर हवी असलेली फाइल सापडली नाही. उणे ११० म्हणजे समोरच्या भागानं वेळेत उत्तर दिलं नाही. यूएसबीच्या बाबतीत उणे ११० दिसला तर आधी केबल, खोबण आणि वीजपुरवठा बघा. बऱ्याच वेळा दोष तिथेच निघतो.

इथे एक फसवी जागा आहे. इंटेलच्या वाय-फाय चिपचा ड्रायव्हर आधी सर्वांत नवीन फर्मवेअर मागतो, ते नसेल तर त्याखालचं, मग त्याखालचं. प्रत्येक नकाराला उणे २ची ओळ उमटते आणि अखेर एक फाइल व्यवस्थित लोड होते. या ओळी बघून लोक चालू वाय-फाय दुरुस्त करायला बसतात. त्रुटीची ओळ दिसली की तिच्या पुढच्या चार ओळी वाचल्याशिवाय काहीही ठरवू नका.

ड्रायव्हर कुठून येतो

विंडोजवरची एक सवय इथे सोडावी लागते. तिथे ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवायचा असतो. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या आतच येतात. म्हणून "या चिपचा ड्रायव्हर कुठे मिळेल?" या प्रश्नाच्या जागी "ही चिप कितव्या कर्नलपासून चालते?" असं विचारायचं. आपलं कर्नल कोणतं, ते 'युनेम' या आदेशाला उणे आर जोडून कळतं.

उदाहरण घेऊ. समजा, लॅपटॉपमध्ये रिअलटेकची आरटीएल८८५२बीई ही वाय-फाय चिप आहे, क्रमांक १०ईसी:बी८५२. तिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये ६.२ या आवृत्तीत आला. डेबियन १२ हे १० जून २०२३ रोजी आलं, पण त्याचं कर्नल ६.१. एका पायरीनं हुकलं! या लॅपटॉपवर डेबियन १२ बसवणाऱ्याला वाय-फाय दिसणार नाही, मग तो कितीही आदेश चालवो. उपाय दोन. डेबियनच्या बॅकपोर्ट्स भांडारातून नवं कर्नल आणि सोबत नवं फर्मवेअर घ्यायचं, किंवा ऑगस्ट २०२५मध्ये आलेलं डेबियन १३ बसवायचं, ज्याचं कर्नल ६.१२ आहे. उबुंटूच्या दीर्घ आधाराच्या आवृत्त्यांत नव्या यंत्रांसाठी एचडब्ल्यूई नावाचं पुढचं कर्नल मिळतं. मिंटमध्ये अपडेट मॅनेजरच्या मेनूतूनच कर्नल निवडता येतं.

यावरून माझं एक ठाम मत झालं आहे. दहा वर्षं जुन्या लॅपटॉपला कोणतंही स्थिर लिनक्स चालतं, पण गेल्या वर्षभरात बाजारात आलेल्या लॅपटॉपवर दोन वर्षं जुनी आवृत्ती बसवू नये. 'स्थिर' या शब्दाला भुलून लोक नव्या यंत्रावर जुनं कर्नल घालतात आणि मग लिनक्सला दोष देतात.

फर्मवेअरची गोष्ट वेगळी. ड्रायव्हर म्हणजे कर्नलचा, चिपशी बोलणारा भाग. फर्मवेअर म्हणजे खुद्द चिपच्या आत चालणारी आज्ञावली. चिप सुरू होताना ड्रायव्हर ती आत भरतो. बहुतेक कंपन्या ती बंद स्वरूपातच देतात. डेबियननं तत्त्व म्हणून कित्येक वर्षं ती मुख्य माध्यमाबाहेर ठेवली होती. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये सदस्यांनी मतदान करून तो नियम बदलला आणि डेबियन १२पासून फर्मवेअर बसवतानाच सोबत येतं. त्याआधीचं डेबियन वापरत असाल तर वाय-फायच्या अडचणीचं पहिलं कारण इथेच शोधा. उबुंटू आणि मिंटमध्ये 'लिनक्स-फर्मवेअर' हे पॅकेज असतं. ते अद्ययावत आहे का, एवढं पाहिलं की पुरतं.

ब्रॉडकॉमच्या जुन्या चिपा हा अपवाद. १४ई४ने सुरू होणारा क्रमांक असेल तर एकाच चिपसाठी दोन-तीन ड्रायव्हर असू शकतात आणि ते एकमेकांच्या पायात येतात. मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजर, उबुंटूमध्ये 'अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स' उघडा, तो जो सुचवतो तोच घ्या, आणि दुसरं काही हातानं बसवू नका.

वाय-फाय दिसतंय, पण चालत नाही

आधी 'आरएफकिल लिस्ट'. त्यात प्रत्येक रेडिओपुढे 'सॉफ्ट ब्लॉक्ड' आणि 'हार्ड ब्लॉक्ड' अशा दोन ओळी येतात. सॉफ्ट म्हणजे प्रणालीनं बंद केलंय. 'आरएफकिल अनब्लॉक ऑल' लिहिलं की उघडतं. हार्ड म्हणजे कळीनं, बाजूच्या सरकत्या बटणानं किंवा बायोसनं बंद केलंय, तिथे आदेशाचं काही चालत नाही. विमानाच्या चित्राची कळ दाबा, कधी एफएन दाबून धरून. तरीही हटलं नाही तर लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, पॉवरचं बटण अर्धं मिनिट दाबून धरा आणि मग सुरू करा. आतला छोटा नियंत्रक अडकून बसलेला असतो, तो यानं मोकळा होतो.

विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवलेल्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट: विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. त्यात विंडोज खरं बंद होत नाही, अर्धवट झोपतं. मग वाय-फायची चिप विचित्र अवस्थेत राहते आणि विंडोजची डिस्कही लिनक्समध्ये नीट उघडत नाही. याच लोकांना घड्याळ साडेपाच तासांनी चुकलेलं दिसतं. तो बिघाड नाही. लिनक्स यंत्रातलं घड्याळ जागतिक वेळेवर ठेवतं, विंडोज भारतीय वेळेवर, आणि आपला फरक बरोबर साडेपाच तासांचा. 'टाइमडेटसीटीएल' या आदेशानं लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगता येतं.

वाय-फाय फक्त राउटरला खेटून बसल्यावरच येत असेल, तर रिअलटेकच्या आरटीएल८७२३बीई या चिपबद्दलची माहिती उपयोगी पडेल. काही लॅपटॉपांत या चिपला एकच अँटेना जोडलेली असते, आणि ड्रायव्हर गृहीत धरतो त्या टोकाला नसून दुसऱ्या टोकाला. ड्रायव्हरला 'अँट-सेल' हा पर्याय १ किंवा २ देऊन बघितलं की एका काठीएवढा सिग्नल एकदम भरून येतो. ही माहिती चिपचा क्रमांक माहीत असल्याशिवाय सापडतच नाही.

बाहेरून लावायचं यूएसबी वाय-फाय घेतलं आणि ते सीडी ड्राइव्ह म्हणून दिसू लागलं, तर वस्तू सदोष नाही. विंडोजचा ड्रायव्हर पोटात ठेवून ती तसं सोंग घेते. एलएसयूएसबीत ०बीडीए:१ए२बी असा क्रमांक दिसेल. ती 'सीडी' इजेक्ट केली की खरा क्रमांक समोर येतो.

काळा पडदा आणि एनव्हिडिया

लिनक्स सुरू होताना पडदा काळा पडला तरी आत सगळं जिवंत असतं. ग्रबच्या, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या मेनूच्या, यादीत जा. त्यासाठी सुरू होताना एस्केप किंवा जुन्या यंत्रावर शिफ्ट दाबावी लागते. ई दाबा, 'लिनक्स' या शब्दानं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' जोडा आणि एफ१० दाबा. पडदा साधा दिसेल, पण काम करता येईल. ग्रबमध्ये असा केलेला बदल फक्त त्या एका वेळेपुरता असतो. पुन्हा सुरू केलं की नाहीसा. म्हणूनच प्रयोगासाठी ही सर्वांत सुरक्षित जागा आहे. उपाय लागू पडला तरच तो ईटीसीच्या डीफॉल्ट फोल्डरातल्या ग्रब फाइलीत लिहून 'सुडो अपडेट-ग्रब' चालवायचं. नोमोडसेट मात्र कायमचं ठेवू नका. त्यानं ग्राफिक्सचं सगळं ओझं प्रोसेसरवर पडतं.

एनव्हिडियाचा ड्रायव्हर नेहमी आपल्या वितरणाच्या (मिंट, उबुंटू, डेबियन) भांडारातून घ्या, कंपनीच्या संकेतस्थळावरची फाइल उतरवून नव्हे. भांडारातला ड्रायव्हर कर्नल बदललं की डीकेएमएस या सोयीनं पुन्हा आपोआप जोडला जातो. हातानं बसवलेला बहुधा पुढच्या अपडेटला तुटतो, आणि तोही नेमका परीक्षेच्या किंवा हिशेबाच्या आदल्या दिवशी. कंपनीनं मे २०२२मध्ये आपल्या ड्रायव्हरचे कर्नलमधले भाग खुले केले, तेव्हापासून नव्या कार्डांची वाट सोपी झाली. केप्लर पिढीच्या कार्डांना ४७० ही जुनी शाखा लागते, फर्मी पिढीला ३९०.

ड्रायव्हर बसला, पण लागू होत नाही, आणि नोंदवहीत 'की' (सहीची किल्ली) नाकारल्याची ओळ आहे? मग सिक्युअर बूट चालू आहे. बसवताना एक तात्पुरता पासवर्ड विचारला गेला असेल. पुन्हा सुरू होताना निळा पडदा येतो आणि दहा सेकंदांत कोणतीही कळ दाबायची असते. लोक घाबरून किंवा लक्ष नसल्यानं ही संधी घालवतात. 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा. संधी हुकली असेल तर 'मोकयुटिल'नं ती पुन्हा मागता येते. सिक्युअर बूट बंद करून मोकळं होण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो घाईचा वाटतो, कारण योग्य मार्ग पाच मिनिटांचाच आहे.

अपडेटनंतर काही बिघडलं तर ग्रबमध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' उघडून आधीच्या कर्नलनं सुरू करा. तिथे सगळं चालत असेल तर दोष नव्या कर्नलमध्ये किंवा त्याला न जोडल्या गेलेल्या ड्रायव्हरमध्ये आहे, हे एका फटक्यात सिद्ध होतं. काम चालू ठेवा, सावकाश दुरुस्त करा.

आवाज, टचपॅड, झोप

आवाजाच्या सेटिंगमध्ये 'डमी आउटपुट' दिसत असेल तर ध्वनीचं कार्डच उभं राहिलेलं नाही. अलीकडच्या अनेक इंटेल लॅपटॉपांना, विशेषतः आतल्या माइकसाठी, साउंड ओपन फर्मवेअर लागतं. पॅकेजच्या नावात एसओएफ ही अक्षरं शोधा. कार्ड दिसत असूनही शांतता असेल तर 'अल्सामिक्सर' उघडा, एफ६नं खरं कार्ड निवडा, आणि ज्या पट्टीखाली एमएम दिसतं तिथे एम दाबा. कधी आवाज एचडीएमआयकडे वळलेला असतो, जिथे टीव्ही जोडलेलाच नाही.

टचपॅड झोपेनंतर मरत असेल तर 'सुडो मॉडप्रोब' उणे आर 'पीएसमाउस', आणि मग उणे आर न लावता तोच आदेश पुन्हा. ड्रायव्हर उतरवून पुन्हा चढवला की बऱ्याच जुन्या यंत्रांवर तो जिवंत होतो. नव्या यंत्रांवर टचपॅड आय२सीवर असतो, तिथे हा उपाय लागू पडत नाही.

झोपेची अडचण सर्वांत चिवट. पूर्वीच्या लॅपटॉपांत एस३ नावाची गाढ झोप असे. रॅम सोडून बाकी जवळपास सगळ्याची वीज तुटायची. नव्या यंत्रांत तिच्या जागी हलकी झोप आली, ज्यात यंत्र फोनसारखं अर्धजागं राहतं. म्हणून पिशवीत ठेवलेला लॅपटॉप तापतो आणि सकाळी बॅटरी रिकामी. तुमच्याकडे काय आहे ते एसवायएसच्या पॉवर फोल्डरातल्या 'मेम-स्लीप' या फाइलीत दिसतं. कंसातला शब्द म्हणजे चालू पद्धत. तिथे 'डीप' हा शब्द कंसाबाहेर उभा असेल तर ग्रबमध्ये 'मेम-स्लीप-डीफॉल्ट' बरोबर 'डीप' असं देऊन एकदा करून बघा. तो शब्दच नसेल तर बायोस ती झोप देत नाही. काही थिंकपॅडांच्या बायोसमध्ये झोपेसाठी 'लिनक्स' असा स्वतंत्र पर्याय आहे, तिथे तो निवडला की काम झालं. बाकीच्यांनी प्रवासात लॅपटॉप सरळ बंद करावा.

बायोस अद्ययावत केल्यानं झोप, पंखा आणि चार्जिंगच्या कितीतरी तक्रारी मिटतात. पूर्वी त्यासाठी विंडोज लागायचं. आता अनेक लॅपटॉपांचा बायोस 'एफडब्ल्यूयूपीडी' या सोयीनं लिनक्समधूनच बदलता येतो. बॅटरी भरलेली हवी आणि चार्जर लावलेला. मध्येच वीज गेली तर यंत्र उठणार नाही, म्हणून भारनियमनाच्या वेळी हे काम करू नका.

डिस्कच दिसत नाही

बसवतानाच डिस्क सापडत नसेल तर बायोसमध्ये ती बहुधा इंटेलच्या आरएसटी किंवा रेड पद्धतीवर असते. एएचसीआय केलं की दिसते. पण थांबा! आतलं विंडोज ठेवायचं असेल तर ही अदलाबदल विचार न करता करू नका, ते सुरूच होणार नाही. आधी विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होईल अशी सोय करा, मग बायोस बदला, आणि सेफ मोडमधून एकदा गेल्यावर ते नव्या पद्धतीला जुळवून घेतं. त्याहीआधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला कुलूप घालणारं एन्क्रिप्शन, चालू आहे का बघा आणि त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. ही की नसल्यानं घरातले पंधरा वर्षांचे फोटो कायमचे बंद झालेले मी पाहिले आहेत. त्या घरातल्या आईसमोर काही बोलता येत नाही.

बिघाड यंत्राचा की ड्रायव्हरचा

पेन ड्राइव्हवर दुसऱ्या एखाद्या वितरणाची नवी आवृत्ती घाला आणि काहीही न बसवता त्यावरून लॅपटॉप चालवा. तिथे भाग चालला तर यंत्र निर्दोष, दोष बसवलेल्या प्रणालीत. तिथेही नाही, विंडोजमध्येही नाही, तर यंत्राकडे बघा. कीबोर्डची कळ बायोसच्या पडद्यावरही चालत नसेल तर त्यात कोणत्याही प्रणालीचा हात नाही. अचानक अडकणं, फाइली खराब होणं असं चालू असेल तर ड्रायव्हर शोधण्याआधी मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवा आणि 'स्मार्टसीटीएल'नं डिस्कची प्रकृती बघा. डिस्क जात असेल तर त्या क्षणी दुरुस्ती थांबवून फक्त प्रत काढायची. बॅटरीबद्दल शंका असेल तर 'यूपॉवर' हा आदेश बनवतानाची क्षमता आणि आजची क्षमता शेजारी शेजारी दाखवतो. ४८ वॅट-तासांपैकी १९ उरले असतील तर कोणतीही बचतीची सेटिंग चार तास देणार नाही.

मदत मागताना "वाय-फाय चालत नाही" एवढंच लिहू नका. चिपचा क्रमांक, कर्नलची आवृत्ती, वितरणाचं नाव आणि आकडा, नोंदवहीतल्या संबंधित ओळी, आणि ही अडचण कशानंतर सुरू झाली, एवढं द्या. 'इनएक्सआय' या आदेशाला उणे एफझेड जोडला तर सगळी माहिती एकत्र मिळते. त्यात एफ मोठ्या लिपीत लिहायचा. झेडमुळे यंत्राचे खासगी क्रमांक लपतात. टर्मिनलचीच भीती वाटत असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतून आहेत. शाळेतल्या मुलांनाही ते समजतात.

आणि एक वही ठेवा. आज कोणती फाइल बदलली, आधी तिच्यात काय होतं, कोणता आदेश चालवला. एका वेळी एकच बदल, त्यानंतर पुन्हा सुरू करून पाहणं. भाचीच्या लॅपटॉपच्या वेळी ही वही असती तर उलट पावली परतता आलं असतं.

सगळं करूनही वाय-फाय हार मानायला लावत असेल तर कार्डच बदला. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाण्याआधी लॅपटॉपचं मागचं झाकण उघडून जुनं कार्ड नीट बघा. खोबणीत बसवलेलं एम.२ प्रकारचं, २२३० मापाचं असेल तर बदलता येतं. मदरबोर्डवर डाखलेलं असेल तर येत नाही. इंटेलचं एएक्स२१० हे कार्ड एएमडीच्या लॅपटॉपांतही चालतं. एएक्स२०१ आणि एएक्स२११ दिसायला तशीच आणि स्वस्त असतात, पण ती फक्त ठरावीक इंटेल प्रोसेसरांबरोबरच चालतात. काही बायोस अनोळखी कार्ड नाकारतात, म्हणून दुकानदाराशी परत घेण्याचं आधीच बोलून ठेवा. कार्ड बदलायचं नसेल तर यूएसबीचं घ्या, पण आत मीडियाटेकची एमटी७६१२यू किंवा एमटी७९२१एयू चिप आहे का ते विचारून. दोन्हींचे ड्रायव्हर कर्नलमध्येच आहेत, दुसरी ५.१८पासून. घरी आल्यावर यूएसबीचं असेल तर एलएसयूएसबी, आतलं असेल तर एलएसपीसीआय पुन्हा चालवा आणि नवा क्रमांक वहीत पहिल्या पानावर लिहा.